उकळलेल्या तारा

मामाजी, आज सकाळी तुमच्या मुलाची, माझ्या नवऱ्याची, बास गिटार दिवाणावर आडवी घेतली आणि तिच्या तारा सोडवायला बसले. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तो तर तुमच्याही आधी गेला, त्यामुळे हे सांगावं असं माणूस आता घरात नाही. शेजारणीला सांगितलं तर ती म्हणेल, तारा जुन्या झाल्या की बदलायच्या, त्यात काय एवढं. तिचं बरोबरच आहे. माझ्याकडे दुसरी एक बास आहे, मी मागाहून घेतलेली, हलकी आणि साधी. रविवारी आम्ही काही बायका प्रताप नगरात एकीच्या गच्चीवरच्या खोलीत गाणी बसवतो, तिथे मी ती नेते. तिच्या तारा खराब झाल्या की बदलते, जुन्या गुंडाळून भंगारवाल्याला देते आणि विसरून जाते. या जुन्या बासच्या तारांना मात्र त्यानं लावल्यापासून कुणी उतरवून फेकलेलं नाही.

तुम्हाला ती बास कधीच आवडली नव्हती. वाडीच्या गोदामात दिवसभर माल चढवून-उतरवून तो घरी यायचा, हातपाय धुवायचा आणि चहाच्या आधी तिला घेऊन बसायचा. तुम्ही दारातल्या खुर्चीवरून बोलायचे. "लोकाच्या गिटारले सहा तारा असतात. तुह्या गिटारले चारच. फसवलं गा तुले दुकानदारानं." तो म्हणायचा, "बाबा, हिले चारच असतात." "अन् वाजते कवा? गणपतीत मी पूर्ण वेळ तुह्याकडंच पाहून राहिलो होतो. बोटं हालत होती, आवाज काही आला नाही." तो हसायचा. "हिचा आवाज कानात नाही येत बाबा, पोटात येते." त्यावर तुम्ही म्हणाला होता, "पोटात तर भूक येते." मी आत पोळ्या लाटत होते, लाटणं हातात धरून हसत राहिले होते. त्या घरात आम्ही तिघंच. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. तरी घर भरलेलं वाटायचं.

घरी मोठा स्पीकर नव्हता. तो ज्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा त्यांचा स्पीकर कार्यक्रमापुरता मिळायचा. स्पीकरशिवाय ही बास नुसती कुजबुजते. म्हणून तो तिचा माथा, जिथे तारा ताणायच्या खुंट्या असतात तो भाग, या दिवाणाच्या लाकडी पाटीला टेकवायचा. मग सगळा दिवाण बोलायला लागायचा. वाजवून झालं की जुन्या धोतराच्या फडक्यानं एकेक तार पुसायचा. उन्हाळ्यात कूलर सुरू झाला की तिला उचलून आतल्या खोलीत ठेवायचा, वाळ्याच्या ओल्या हवेनं लाकूड फुगते म्हणायचा. माझ्यापेक्षा तिचेच लाड जास्त, असं मी चिडून म्हटलं होतं एकदा. तो म्हणाला, "तू काय फुगत नाहीस का?"

वाडीहून येताना ट्रकनं त्याला उडवलं, तेव्हा बास घरीच होती. तेराव्यानंतर मी ती माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून कपाटामागे उभी केली. तुम्ही त्या बाजूला बघायचे नाही. मीही नाही. दोघांचं जेवण करायचं, दोघांनी जेवायचं, भांडी घासायची. दुपार मोठी व्हायची. त्या दुपारीच मी वाचायला लागले. शाळा माझी सातवीत सुटली होती. वाचनालयातून पुस्तकं आणायची, न समजलेलं दोनदा वाचायचं. इंग्रजी अक्षरंही पाट्या वाचत वाचत तेव्हाच जुळवायला शिकले. आणि एका दुपारी, का ते मला अजूनही सांगता येत नाही, मी लुगडं सोडलं.

पहिले काही दिवस नुसती मांडीवर घेऊन बसायचे. मग एक तार, मग दुसरी. तो कुठे बोट ठेवायचा ते मी इतकी वर्षं चहा देता देता पाहिलेलं होतं, ते डोळ्यांना आठवत होतं. बोटांना फोड आले, मग घट्टे पडले. समोरच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, "काय वं, नवरा गेला अन् तू गिटार वाजवून राहिली?" मी मान खाली घातली. तुम्ही खुर्चीवरून उठलाही नाहीत. म्हणालात, "तुमच्या घरी सकाळ-सकाळ मिक्सर वाजते. आम्ही काही म्हणतो का?" त्यानंतर काकू कधी बोलल्या नाहीत. तुम्हीही मला काही बोलला नाहीत, वाजव म्हणून नाही आणि नको म्हणूनही नाही.

तारांचा आवाज मरत चालला होता. जाड तारांवर बारीक तार गुंडाळलेली असते, तिच्या पिळात बोटांचा घाम आणि मळ बसतो, मग तार मुकी होते. तो अशा वेळी तारा काढून पाण्यात उकळायचा. नव्या घेणं परवडायचं नाही तेव्हा सगळेच बासवाले तसं करायचे, असं तो सांगायचा. मी एका सकाळी चहाचं पातेलं घेतलं, पाणी ठेवलं, चारही तारा वळवून आत सोडल्या. तुम्ही चहासाठी आत आलात आणि पातेल्यात डोकावलात. "शेवया शिजवून राहिली का?" मी म्हटलं, "नाही मामाजी. त्याच्या तारा आहेत. उकळल्या की साफ होतात." पाणी काळं झालं होतं. वर तेलकट तवंग आला होता, लोखंडासारखा वास सुटला होता. मी तारा चिमट्यानं बाहेर काढल्या आणि पातेलं उचलून मोरीकडे वळले.

"मोरीत नको ओतू."

तुम्ही माझ्यावर आवाज चढवलेला तो एकच दिवस. मी थांबले. तुम्ही पातेलं माझ्या हातातून घेतलंत, ओट्यावर ठेवलंत. म्हणालात, "त्याच्या हाताचा घाम आहे वं त्यात. तुले समजत नाही का?" मला खरंच समजलं नव्हतं. मी तार स्वच्छ करत होते, आणि त्याचं जे काही शेवटचं त्या घरात उरलं होतं, ते मी चहाच्या पातेल्यात सोडवून काढलं होतं. तुम्ही पाणी निवेपर्यंत ओट्याशी उभे राहिलात. गुडघे दुखत होते तुमचे, तरी बसला नाहीत. निवल्यावर परसात जाऊन कढीपत्त्याच्या बुडाशी ओतलंत, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. तो कढीपत्ता मी पुढे फोडणीला घालायची तेव्हा तुम्ही पानं ताटाच्या कडेला काढायचे नाही, खायचे.

मग एकदा तुम्ही न सांगता बाहेर गेलात. जेवायची वेळ टळून गेली तेव्हा घामेघूम होऊन परत आलात. एकटे बसनं सीताबर्डीला जाऊन आला होतात. खिशातून पाकीट काढून माझ्यासमोर धरलंत. "नव्या तारा. गिटारच्या मागितल्या. सहा आहेत म्हणे त्यात. चार लाव, दोन ठेव. तुटल्या तर कामी येतीन." मग खुर्चीत बसून पाणी प्यायलात आणि जे सांगितलंत ते मी विसरलेले नाही. आपल्या घरी माग होता तेव्हाची गोष्ट. जुना ताणा, म्हणजे मागावर ताणलेले उभे दोरे, संपत आला की विणकर तो ओढून फेकत नाही. त्याच्या एकेका टोकाला नव्या ताण्याचा एकेक दोरा, बोटाला राख लावून, पिळून सांधायचा. मग जुनाच नव्याला ओढत मागात आणतो. "जुनं फेकून दे म्हणत नाही मी तुले," तुम्ही म्हणालात. "पण संपलं ते संपलं. नवं सांध. तुह्यं वय काय आहे वं?" तुम्ही फक्त तारांबद्दल बोलत नव्हता, हे मला कळत होतं. माझ्या भावानं एक स्थळ आणलं होतं, ते तुमच्या कानावर आलं होतं.

मामाजी, ते पाकीट मी हातात घेतलं तेव्हाच मला कळलं. वजनावरूनच कळलं, आणि अक्षरं जुळवून वाचलं तेव्हा खात्री झाली. त्या साध्या गिटारच्या तारा होत्या. बारीक, दोऱ्यासारख्या. बासच्या खुंटीत त्या बसल्याच नसत्या. मी तसं सांगायला हवं होतं, बदलून आणता आल्या असत्या. पण तुमच्या सदऱ्याची पाठ भिजली होती. आणि दुसरं कारण असं की मला नव्या तारा नकोच होत्या. मी म्हटलं, "लावते मामाजी."

तुम्ही रोज विचारू लागलात, "लावल्या का वं?" शेवटी तुम्ही बाहेर बसलेले असताना मी बासच्या त्याच जुन्या तारा पुन्हा उकळल्या. पाणी या वेळी फारसं काळं झालं नाही. जे झालं ते कढीपत्त्यालाच दिलं. मग म्हटलं, "लावल्या." तुम्हाला बरं वाटलं. स्थळाला मी नाही म्हटलं, तेव्हाही तुम्ही फार बोलला नाहीत. नव्या तारा लागल्यात, एवढ्यावर समाधान मानलंत.

पुढे तुम्ही अंथरुणाला खिळलात. मागाच्या खडखडाटानं आधीच अर्धे झालेले तुमचे कान तेव्हा पार गेले होते. कुकरची शिट्टी ऐकू यायची नाही, माझी हाक यायची नाही. तुमचं अंथरूण या दिवाणावर होतं. मी पायथ्याशी बसून बासचा माथा पाटीला टेकवायची आणि वाजवायची. तुम्ही तळहात लाकडावर पालथा ठेवायचे. एका संध्याकाळी तुम्ही डोळे उघडलेत. "नव्या तारा म्हणते तू. मले तर तो वाजवून राहिला असं वाटते." मी वाजवायचं थांबले. तुम्ही हसलात, ओशाळून. "जाऊ दे. कान गेले माझे. भलतंच ऐकू येऊन राहिलं." आणि हात लाकडावरून काढून छातीवर घेतलात. त्यानंतर मी कितीदा वाजवलं, तो हात तुम्ही पुन्हा पाटीवर ठेवला नाहीत. तिथून थोड्याच दिवसांत तुम्ही गेलात.

यंदाच्या उन्हाळ्यात बासची मान वाकली. तारा मानेवरच्या धातूच्या पडद्यांपासून वर उचलल्या गेल्या, दाबता दाबता बोट दुखायचं. सीताबर्डीतल्या दुरुस्तीवाल्यानं एक डोळा मिटून मानेवरून पाहिलं. "काकू, आतली सळी आवळली तर मान सरळ होईन. पण ह्या तारा नाही चालणार. उकळू उकळू जीव गेला त्यांचा. ताणताना तुटली तर डोळ्यावर येईन. सगळ्या उतरवून चार दिवस ठेवून जा." मी ठेवली नाही. नव्या तारा तेवढ्या घेतल्या, या वेळी बासच्या, आणि घरी आणली. आज तुम्ही विणकराचं सांगितलं होतं तसंच केलं. एकदम सगळ्या काढल्या नाहीत. एक जुनी सोडवली, तिच्या जागी नवी ओढली, सुरात आणली, मग दुसरी. मानेतली सळी चावीनं थोडी आवळली. तीन झाल्या. चौथीची खुंटी अर्धी फिरवली आणि परत घट्ट केली.

मग माथा पाटीला टेकवून वाजवून पाहिलं. तीन तारा खणखणीत वाजल्या. चौथी जुनीच, बसक्या आवाजाची. अंथरूण कधीच काढलं, पण मी पायथ्याशीच बसते अजून. ते पाकीट कपाटात तसंच आहे, न फोडलेलं, सहाच्या सहा तारा आत. त्या संध्याकाळी तुमचा हात पुन्हा लाकडावर ठेवून मी एवढंच बोलायला हवं होतं, आणि तुम्हाला ऐकू येत नाही असं समजून बोलले नाही. मामाजी, तुमचे कान गेले नव्हते. तारा त्याच्याच होत्या.