कुंडीतली कामोणी

नायमेखन, नेदरलँड्स, ऑगस्ट २०२१

प्रिय वेई,

मुद्दाम मराठीत लिहितेय, म्हणजे पाठवायचा मोह व्हायला नको.

गेल्या वर्षी तू चिनी नववर्षाला दोन आठवडे घरी गेलास आणि लॉकडाउनमुळे तिकडेच अडकलास. जाताना खोलीची किल्ली देऊन म्हणालास, "कुंड्यांना पाणी घाल." घातलं. तुझी मिरची सुकली ती माझ्यामुळे नाही, इथल्या नसलेल्या उन्हामुळे. तिच्या कुंडीत भलतंच रोप उगवलं. व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर तू ओरडलास, "लाँगख्वेइ! घसा दुखला की आजी उकळून देते." मी म्हटलं, "ही आमची कामोणी. आई पाल्याची भाजी करते." शेजारच्या डच बाई म्हणाल्या, विषारी आहे, उपटा. किती हसलो आपण! पडलेल्या बियांतून ती यंदा पुन्हा आली.

काल तुझा मेसेज आला. तिकडेच नोकरी मिळाली, साखरपुडाही झाला. खोली सोडतोयस, कुंड्या टाकून दे.

अभिनंदन. बाकीच्या टाकल्या. कामोणी माझ्या खिडकीत आणलीय. ती तू लावली नव्हतीस, मीही नाही. आपली आपण उगवली. तिचं काय करायचं, ते तू नको सांगूस.

तुझ्या कुंड्यांची माजी राखणदार,
मंजूषा