बर्तनवालीला न दिलेला स्वेटर

अहो,

वरण-भात ओट्यावर झाकून ठेवलाय, गरम करून घ्या. मी फ्रीगंजला फिल्म फेस्टिवलमध्ये जातेय. आपल्या सौमित्रची फिल्म आज चार वाजता परत दाखवणार आहेत. काल सत्संगाचं नाव सांगून मी तिथेच गेले होते. तुमचा पास देवापाशी ठेवलाय.

तुमचा मेहंदी रंगाचा स्वेटर मी बर्तनवालीला दिला नव्हता. त्याच्या बदल्यात तिच्याकडून मिळालं म्हणून सांगितलेलं ते पातेलं मी टावर चौकातून विकत आणलं होतं. स्वेटर सौमित्रने मागवून घेतला होता. फिल्ममधल्या वडिलांनी तोच घातलाय, कोपराला मी केलेल्या रफूसकट.

मला वाटलं होतं, पोराने तुम्हाला चार लोकांत वाईट दाखवलं असेल. खामखा घाबरले. फिल्ममधला मुलगाही बँकेची नोकरी सोडून गेलेला असतो. तोही तीन वर्षांनी येतो, बॅग घेऊन दारात उभा राहतो, बेल वाजवतो. आपला सौमित्र आला त्या दिवशी आपण दोघं आत गुपचूप बसून राहिलो होतो, तो जिना उतरून जाईपर्यंत.

फिल्ममधले वडील पहिल्याच बेलला उठतात आणि दार उघडतात.

माणिक