सुनीलची मागची खोली

रविवार संध्याकाळ, मे १९९६. के. आर. पुरम

डोकं नुसतं भणभणलंय. उद्या सुनीलला दवाखान्यातनं सोडतायत. ब्राउन शुगर ओढून पोरगा वाळून काटकी झालेला, आत्ता कुठं माणसात आलाय. म्हणून मी मागची खोली झाडून पुसून त्याची खाट होती तशीच लावली.

आज भेटायला गेले तर तिथं एक पुण्याची पोरगी. कॉलेजच्या सुट्टीत व्यसनी लोकांचा अभ्यास करायला आलीय. ह्या कानडी मुलखात मराठी बोलणारी भेटली, म्हणून मी कौतुकानं खोलीचं सांगितलं. तिचं तोंडच उतरलं.

"काकू, तो ओढायचा कुठं?"

"त्याच खोलीत. आणि कुठं?"

"मग तिथं पाऊल ठेवलं की परत तलफ येईल त्याला. जागासुद्धा आठवण करून देते."

"मग काय घर जाळू? तुझं काय जातंय सांगायला!"



पण पोरीचं खरंच की. मागल्या वेळी बरा होऊन आला, तेव्हाही त्याच खोलीत निजवला. थोड्याच दिवसांत परत सुरू. मी आपली त्याच्या दोस्तांना शिव्या देत बसले.

ह्यांना सांगितलं तर अर्धं कानडीत म्हणतात, "स्वल्प थांब, जरा बघू." काय बघू? परत तेच?

नाही आणायचा घरी. उद्या दवाखान्यातनं थेट निपाणीच्या बसमध्ये, माझ्या भावाकडं. ठरलं.

मी दवाखान्यातनं निघताना सुनील विचारत होता, "आई, उद्या जेवायला घरीच ना?"

मी हो म्हणून आलेय.