बाबांचं 'धन्यवाद'

माँतेव्हिदेओ, ९ जुलै

लाडक्या आईस, तुझ्या मिर्ताची घट्ट मिठी.

मी बरी आहे. जुलैच्या या थंडीत तू विणलेला स्वेटर प्रयोगशाळेतही अंगात असतो. घोडीचा पाय बरा झाला का?

बाबांचं बोलणं मैत्रिणींना सांगितलं : "पोर एवढी शिकली आणि ताऱ्यांना चारा घालते!" खरंच घालते. मेंदूतल्या या ताऱ्यासारख्या पेशी, ॲस्ट्रोसाइट, एरवी शेजारच्या पेशींना भरवतात, सांभाळतात. बाबांच्या आजारात त्याच उलटतात आणि हात हलवणाऱ्या पेशींना मारतात. काचेच्या बशीत हे मी रोज बघते. थांबवता येत नाही.

तू विचारलंस, "एखादं औषध नाही का गं?" बरं करणारं अजून नाही, आई.

तू लिहितेस, हल्ली येर्बाच्या कडू चहाचा पहिलाच प्याला पिऊन बाबा 'धन्यवाद' म्हणतात, आणि आपल्याकडे प्याला परत देताना 'धन्यवाद' म्हणजे 'आता पुरे', म्हणून तू त्यांना पुढचा देत नाहीस. आई, थर्मास रिकामा होईपर्यंत ज्यांनी कधी 'धन्यवाद' म्हटलं नाही, त्यांना एका प्याल्यात पुरे होईल? त्यांना प्याला पेलत नाही, आणि ते आपल्याला कळू द्यायचं नाही. मागच्या महिन्यात ते माझ्यासमोरही तसंच म्हणाले. एवढी शिकलेली मी, प्याला मुकाट्याने तुझ्याकडे सरकवला.

आता ते 'धन्यवाद' म्हणाले तरी पुन्हा भर. प्याला तूच धर, त्यातली नळी त्यांच्या ओठांशी ने. रागावले तर सांग, मिर्ताने हेच औषध लिहून दिलंय.

तुम्हा दोघांची,
मिर्ता