तू त्याला कमरेचं दुखणं म्हणायचीस

माय,

तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि माझा तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. लोक मेलेल्या आईवर रागावत नाहीत, फोटोला हार घालतात. हार मीही घालते. पण दरवेळी मनात येतं, एवढं सोसायला तुला सांगितलं होतं कोणी?

मी तेरा वर्षांची होते. रोवणीचे दिवस, तुला धानाच्या बांधीत जायची घाई, आणि मी न विचारता न्हाणीचा तट्टा बाजूला केला. तू उकिडवी बसली होतीस. दात आवळून, मांड्यांमधून बाहेर आलेला लाल गोळा हातानं आत ढकलत होतीस. मला वाटलं, तुझं आतडंच बाहेर आलं. "माय, हे काय होय?" मी ओरडले. तू ओल्या हातानं माझ्या कानफटात दिलीस. "बाईच्या जातीले असतेच हे. कोनाजोळ बोलशील त जीभ उपटून ठेवीन." मग जुन्या लुगड्याची पट्टी लंगोटासारखी कसून बांधलीस आणि दिवसभर चिखलात वाकायला निघून गेलीस. संध्याकाळी येऊन चुलीपुढे बसलीस, ती एका कुल्ल्यावर भार देऊन. मी बघत होते. तुला ठाऊक होतं, मी बघते आहे.

घरात त्याला कमरेचं दुखणं म्हणायचे. धाकट्याच्या वेळी बाळंतपणाच्या बाराव्या दिवशीच तू विहिरीवरून पाण्यानं भरलेल्या गुंड्या वाहायला लागलीस, तेव्हापासूनचं ते, हे मला फार उशिरा मावशीकडून कळलं. बाबा काही वाईट नव्हते. तुझ्या कमरेसाठी ते आठवडी बाजारातून मालिशचं तेल आणायचे आणि तू मुकाट्यानं ते कमरेला चोळून घ्यायचीस. इतकी वर्षं, जिथं दुखत नव्हतं तिथं.

पुढे मी नर्सिंगला लागले. गोंदियाजवळ कुडव्यात आम्ही तिघी मुली एका खोलीत राहायचो. एकदा सौंदडहून सकाळच्या गाडीनं तू आलीस, माझ्या ड्यूटीसाठी पांढरे बूट घेऊन. माझ्या जुन्या चपलेचं माप तू सुतळीवर घेतलं होतंस, बूट अगदी बरोबर बसले. खाटेवर माझं पुस्तक उघडं पडलं होतं. तू चौथी शिकलेली, पण चित्र ओळखलंस. त्यावर बोट ठेवून हळूच म्हणालीस, "हे असं खाली उतरलं, त मंग वापस वर जाते का?"

मला समजलं होतं, माय. त्याच क्षणी समजलं. पण दोघी मैत्रिणी तिथंच वेण्या घालत होत्या. मी पुस्तक मिटलं. "हे परीक्षेचं होय. तुले काय करायचं?"

"नाई, असंच इचारलं," तू म्हणालीस आणि बुटांत लेस ओवायला लागलीस. त्याच महिन्यात परीक्षेत तो प्रश्न आला. व्यायाम, रिंग, ऑपरेशन, मी सगळं लिहिलं. चांगले मार्क पडले.

दोन वर्षांनी ताप आला, लघवी अडली आणि तुला गोंदियात दवाखान्यात आणलं. डॉक्टरीणबाईंनी चादर उचलली, खाली टाकली आणि मला विचारलं, "ये कब से है? आप तो नर्स हो ना?" बाहेर आलेल्या अंगानं लघवीची वाट दाबून दोन्ही किडन्या गेल्या होत्या, जंतू रक्तात उतरले होते. व्हरांड्यात बाबा मामाला सांगत होते, "तिले त काई तरासच नोहता. परवापावतर रोवून राहिली होती." चौथ्या दिवशी तू गेलीस. गावात आम्ही किडनी फेल सांगितलं. तुझ्या मरणालाही आम्ही सभ्य नाव शोधलं.

आता मी देवरीकडच्या गावांत जाते. बायांना गोळा करून कापडाची गर्भपिशवी दाखवते, ती खाली का उतरते ते सांगते, यावर इलाज आहे म्हणून सांगते. बाया पदरात तोंड लपवून हसतात. मागच्या बुधवारी एक म्हातारी हसली नाही. सगळ्या गेल्यावर जवळ आली. "बाई, माह्यं बारा सालापासून बाहेर येऊन राहिलं. सुनेले सांगजो नोको." दुसऱ्या दिवशी मी तिला दवाखान्यात नेलं. तपासून, पिशवी वर धरून ठेवणारी रिंग बसवली. परतताना बसमध्ये ती म्हणाली, "एवढंच होतं काय वो? एवढ्यासाठी बारा सालं काढली?" मला तिचाही रागच आला.

"तुह्या मायले नसन झालं असं," ती म्हणाली.

"झालं होतं. त्यातच गेली."

"मंग काऊन नाई दाखवलं?"

"तिनं कोनाले सांगतलंच नाई," मी म्हटलं.

म्हातारीनं च् च् केलं. "लाजेनं मेली बिचारी."

हा कागद कुठंच पोचणार नाही, म्हणून लिहिता येतं आहे. तिच्याशीच मी खोटं बोलले असं नाही. प्रत्येक गावात मी हेच सांगते: माझ्या आईनं कोणाला विचारलं नाही, तुम्ही विचारा. एखादी बाई डोळे पुसते. येत्या बुधवारीही बहुतेक मी तेच सांगेन.