कोपरा फाटलेलं कार्ड

॥ श्री ॥

खर्डा, ता. जामखेड
गुरुवार, ता. १६ डिसेंबर १९७१, सायंकाळी सात वाजून दहा मिनिटे

ती. स्व. गोरक्षदादा यांचे चरणी धाकट्या गहिनीनाथाचा सा. न. वि. वि.

मी गिरणीत शेवटचे दळण उतरवून पट्टा काढत होतो, तेवढ्यात मालकांच्या रेडिओवर ढाका पडल्याची बातमी लागली. मी पिठाने माखलेला तसाच घरी पळालो. आईने आधी विचारले की रेडिओत गोरक्षाचं नाव घेतलं का. मी म्हणालो की हजारो शिपाई आहेत, रेडिओवर कुणाकुणाचे नाव घेतील. त्यावर ती म्हणाली की जिंकनाऱ्याचं नाव घ्यायला काय पैसं पडत्यात का. मुक्तावहिनींनी भाकरी थापता थापता दोनदा पदराने डोळे टिपले.

तुमचे शेवटचे पत्र २ तारखेला आले. त्याला आज चौदा दिवस झाले. मागे विनंती केली होती तीच पुन्हा करतो. पत्र लहान असले तरी चालेल, पण वर उजव्या कोपऱ्यात ठिकाण, तारीख आणि वेळ जरूर लिहीत चला. मग कुठल्या दिवसापर्यंत तुम्ही खुशाल आहात ते मला आईला नक्की सांगता येते. नाहीतर ती मला झोपू देत नाही.

आहे ती माया कमी होऊ देऊ नये.

आपला आज्ञाधारक,
गहिनीनाथ



चि. गहिनीनाथास आशीर्वाद. तुझ्या मागच्या पत्रातल्या हुकुमाप्रमाणे वर कोपऱ्यात ठिकाण, तारीख, वेळ सगळं लिहिलं आहे. आता तरी कुरकुर बंद कर. उद्या पहाटे नदी उतरायची आहे. ही काही आपली सीना नव्हे, पलीकडचा काठ दिसतच नाही. कॅप्टन साहेब पहिल्या होडीत बसणार म्हणतात. दहा माणसं माझ्या हाताखाली दिली आहेत. सगळ्यांचे बूट मी स्वतः दोनदा तपासले. आईला सांग, स्वेटर अंगात आहे. मुक्ताला सांग, तिचे लाडू कंपनीने एका बैठकीत संपवले आणि मला डबा घासायला ठेवला.

गोरक्ष



॥ श्री ॥

खर्डा
बुधवार, ता. २९ डिसेंबर १९७१, सकाळी सहा वाजता, गिरणी उघडण्याआधी

ती. स्व. दादा यांचे चरणी शि. सा. न.

हे पत्र तुमच्याच हाती पडावे एवढे मागून लिहितो.

परवा सोमवारी पावणेबारा वाजता मी जात्याच्या दगडाला छिन्नीने टाकी लावत होतो. आसारामतात्या पोस्टमन गिरणीच्या दारात आले. एरवी ते सायकलवरूनच हाक मारतात. परवा खाली उतरले, टोपी काढली आणि कार्ड माझ्या हातात न देता पोत्यावर ठेवले. कार्डाचा वरचा उजवा कोपरा तीन बोटे फाडलेला होता.

आपल्याकडे कोपरा फाडलेले कार्ड म्हणजे मयताची खबर. ते उंबऱ्याच्या आत नेत नाहीत, बाहेरच वाचून फाडून टाकतात. मी ते रस्त्यात उभा राहून वाचले. अक्षर तुमचे, मजकूर हसण्याचा. मी धावत जाऊन अंगणातूनच आईला वाचून दाखवले. आई म्हणाली की लिवलंय त्यानंच रं, पर धाडलं कुनी? खिशात घावलं आसंल, मंग कुनीतरी कोपरा फाडून दिलं आसंल टाकून. दादा, तारीख त्याच कोपऱ्यावर होती. पोस्टाचा शिक्का पसरलेला, वाचता येत नाही. ढाका पडण्याआधीचे कार्ड आहे एवढेच मजकुरावरून कळते. नदी उतरल्यावर तुम्ही आहात की नाही, ते कळत नाही. आणि कोपऱ्यात लिहा म्हणून तुमच्या मागे लागणारा मीच.

आयाबाया दारात जमू लागल्या. त्यात एकीने वहिनींच्या बांगड्यांकडे हात नेला. वहिनींनी तो झटकून टाकला. म्हणाल्या की आपल्याकडच्या मानसानं कोपरा फाडला आसता तर खाली दोन वळी लिवल्या आसत्या. ह्यो कुना लांबच्याचा उद्योग हाय, त्याला रीत ठावं न्हाई. एवढे बोलून त्या चुलीपुढे जाऊन बसल्या आणि भाकऱ्या मात्र सगळ्या करपवल्या.

कार्ड घरात येऊ द्यायला आई तयार नव्हती आणि मला ते फाडवेना. तेव्हा शेजारच्या जहिराचाची म्हणाल्या की आन हिकडं, माझ्या पेटीत ठिवते. आमच्यात कोपऱ्याबिपऱ्याचं काई नसतं. पोरगं आलं की त्याचं त्याला दीन. त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही.

आईने दोन दिवस फक्त चहा घेतला आहे. एक ओळ पाठवा. कोपऱ्यात काही लिहू नका.

आपल्या खुशालीच्या वाटेवर डोळे लावून बसलेला,
गहिनीनाथ



ठिकाण लिहायचं नाही, तुला रेडिओवरून ठाऊक आहेच.
ता. ९ जानेवारी १९७२, रविवार

चि. गहिनीनाथास अनेक उत्तम आशीर्वाद. ती. आईच्या पायांवर डोकं.

मी धडधाकट आहे. हे आधी आईला मोठ्यानं वाचून दाखव, मग पुढे वाच.

कार्डाचं असं झालं. आमची पत्रं कॅप्टन साहेब तपासतात. ठिकाण लिहायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. तुझ्या नादानं लिहिलं. साहेबांचं पेन चिखलात गेलं होतं, म्हणून खोडायच्या ऐवजी त्यांनी तेवढा कोपरा फाडला. साहेब केरळचे. त्यांना आपली रीत काय माहीत! मुक्ताला सांग, तिला आमच्या कंपनीत हवालदार करायला हरकत नाही.

नदी आम्ही उतरलो. साहेब खरंच पहिल्या होडीत होते. माझी दहाच्या दहा माणसं पलीकडे पोचली. सोळा तारखेला शहरात शिरलो तेव्हा लोक ट्रकवर चढून गळ्यात पडत होते. एका म्हातारीनं माझं तोंड कुरवाळलं, मला आईच आठवली. पुढे मैदानात शत्रूचे शिपाई रांगेनं बंदुका खाली ठेवत होते. साहेबांचा हुकूम होता की कुणी हसायचं नाही, कुणाच्या मनगटावरचं घड्याळ घ्यायचं नाही, आणि ज्यानं बंदूक ठेवली त्याला आधी पाणी. आमच्यातला एक जण पुटपुटला की कालपर्यंत हेच आपल्यावर गोळ्या झाडत होते. साहेब म्हणाले की काल संपला.

तुझं पत्र परवा मिळालं. मी ते घेऊन साहेबांकडे गेलो. ते कैद्यांची घरी जाणारी कार्डं तपासत बसले होते. मी हिंदीत सगळं समजावलं. आई दोन दिवस चहावर आहे म्हटल्यावर त्यांनी हातातलं कार्ड खाली ठेवलं आणि मला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. बाजूला कैद्यांपैकी एक म्हातारा सुभेदार उभा होता, पंजाबातल्या खेड्यातला. तो दबकत म्हणाला की साहेब, आमच्या गावातही असं कार्ड दाराबाहेरच घेतात. साहेबांच्या पुढ्यात दोन कार्डं कोपरे फाडून ठेवलेली होती. सुभेदारानं ती सकाळपासून पाहिली होती. हरलेल्या माणसानं कुणाला सांगायचं, म्हणून गप्प होता.

गहिनी, साहेबांनी सगळी कंपनी उभी केली आणि चूक आपली स्वतःची आहे असं कैद्यांसह सर्वांसमोर सांगितलं. त्या दोघांना नवी कार्डं देऊन पुन्हा लिहायला लावलं. यापुढे फक्त शाईनं खोडायचं असा हुकूम काढला. जिंकलेला अधिकारी हरलेल्यांपुढे चूक कबूल करताना मी पहिल्यांदाच पाहिला. उद्या माझ्या हाताखाली जास्त माणसं आली तर एवढं मला जमावं.

आईची त्यांनी माफी मागितली आहे. या पत्राच्या चारी कोपऱ्यांवर त्यांच्या सह्या आहेत, तिला हात लावून बघू दे.

जहिराचाचींना माझा सलाम. घरच्यांचा जीव सांभाळ, माझा मी सांभाळतो.

तुझा दादा,
गोरक्ष



॥ श्री ॥

खर्डा
बुधवार, ता. १९ जानेवारी १९७२, दुपारी चार वाजून वीस मिनिटे

ती. स्व. दादा यांचे चरणी सा. न. वि. वि.

परवा आसारामतात्या चौकापासूनच घंटी वाजवत आले. मी हातातला डबा सोडून पळालो, दळण अर्धे जमिनीवर सांडले. मालक एका शब्दाने रागावले नाहीत.

आईने पत्र उजेडात धरून चारी कोपरे बोटांनी चाचपले, एकदा नव्हे, तीनदा. मग म्हणाली की सायबाची आई लई नशिबाची. मुक्तावहिनी हसल्या, मग आत जाऊन पुष्कळ वेळ बाहेर आल्या नाहीत. त्या संध्याकाळच्या भाकऱ्यांतली एकही करपली नाही.

जुने कार्ड जहिराचाचींच्या पेटीतच आहे. मी आणू का म्हणून विचारले. आई म्हणाली की त्यो आला की त्याच्याच हातानं उंबऱ्याच्या आत येऊ दे.

तुम्हाला कोपऱ्यात लिहायला लावले ती चूक माझी. तुमच्या साहेबांनी कबूल केली, तर मीही करतो. यापुढे नुसते खुशाल एवढे लिहा. तारीख मी अंदाजाने धरीन.

पत्र संपवताना आईने एक विचारायला सांगितले आहे. त्या दोघा कैद्यांच्या आयांना दुसरे कार्ड पोचले का? पहिले गेले नाही ना, याची साहेबांकडून खात्री करून घ्या. तिला घास जात नाही म्हणते.

माझ्या वहीतले उतरवून देतो:

झाले : कानिफनाथाला मढीला नारळ एक. आळीत गूळ एक किलो. आसारामतात्यांना टोपी एक, नवी. जहिराचाचींना आईच्या हातच्या पुरणपोळ्या चार.

राहिले : कॅप्टन साहेबांना हुरड्याचे आमंत्रण, यंदा कणसे बारीक आहेत तरी. त्या सुभेदारांचे आभार, कसे पोचवावे कळत नाही.

येणे : तुम्ही.

आपला,
गहिनीनाथ