बसून खाणारा अंगठा

हिरकणीवाडी, शुक्रवार

प्रिय अंकिता,

कागदावर लिहून गावातल्या माणसाच्या हाती पाठवतेय म्हणून दचकू नकोस. मेसेज केला असता तर तू लगेच फोन केला असतास, फोनवर रडली असतीस, आणि तू रडलीस की मी कशालाही हो म्हणते, हे हॉस्टेलपासून ठरलेलं आहे. तेव्हा आधी सगळं वाच, मग काय रडायचं ते रड. उजवा हात ठणठणीत आहे, अक्षर बघून कळेलच. डावा तसाच. वीर स्टेशनवरून घरी येताना रिक्षा उलटली, त्या दिवसापासून त्याची बोटं माझं ऐकत नाहीत. महाडचे डॉक्टर म्हणतात, सुधारेल हळूहळू, कदाचित नाहीही. पण सोमवारी मी कामावर येतेय. प्रश्न एवढाच, की कोणत्या खुर्चीत बसायचं.

तू ऑफिसात माणसांचं बघतेस, कोडचं नाही, म्हणून नीट सांगते. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर टकाटका टाइप करतो. कसलं काय! आमचा निम्माअधिक दिवस वाचण्यात जातो. एका फाइलीत एखादं नाव दिसलं की ते मुळात जिथे लिहिलंय तिथे उडी मारायची, बघायचं, आणि निघालो होतो तिथेच परत यायचं. ह्या उड्या मी दोन्ही हातांनी कीबोर्डवर मारायचे. एका हाताने करायला गेले तर दर वेळी माऊस सोडा, बोटं ताणा, पुन्हा माऊस धरा, आणि तोवर काय शोधत होते तेच डोक्यातून गेलेलं. माऊस भिंतीवर फेकायचा तेवढा बाकी ठेवला होता मी.

आई भाकऱ्या थापता थापता हे सगळं बघत होती. रविवारी रोपवेला गर्दी झाली की आमच्या टपरीवर तिचे दोन्ही हात पिठात असतात, मग चुलीतलं लाकूड ती पायाने आत सारते. ती म्हणाली, ह्यो तुजा अंगठा नुसता बसून खातोय गो, त्याला कायतरी काम लाव. असा राग आला मला. इथे हात गेलाय आणि हिला अंगठ्याची चेष्टा सुचतेय. मग खाली पाहिलं. माऊस माझ्या धाकट्या भावाचा, विनीतचा, गेम खेळायचा. अंगठ्यापाशी दोन जादा बटणं होती आणि मी ती कधी दाबलीच नव्हती.

ज्यात आम्ही कोड वाचतो-लिहितो त्या एडिटरच्या सेटिंगमध्ये जाऊन पुढच्या बटणाला सांगितलं, मुळाकडे ने. मागच्याला सांगितलं, होते तिथे परत आण. जमलं. मग मला सुटली हाव. चाकाला एक काम, चाकामागच्या बटणाला दुसरं, विनीतच्या माऊसचा एक कोपरा मोकळा ठेवला नाही. नुसतं पान खाली सरकवायला जावं तर भलतीच फाइल उघडायची. अति तिथे माती. शेवटी सगळं काढून पहिली दोनच ठेवली, आणि अंगठा कामाला लागला.

एक गंमत झाली. हे बटण दाबलं की चुक् असा आवाज होतो. चुलीपाशी आई लगेच जमिनीवर बोट आपटून कृष्ण कृष्ण म्हणायची. मला वाटायचं, म्हणत असेल देवाचं नाव. विनीतने सांगितलं, तिला वाटतंय घरात पाल चुकचुकतेय आणि लेकीच्या नशिबात अजून काहीतरी वाढून ठेवलंय. हसूही आलं आणि पोटात तुटलंही. तिला शेजारी बसवलं, तिचा पिठाचा अंगठा बटणावर ठेवला आणि उडी मारून दाखवली. तिने पुष्कळदा मारली. माऊस अजून पांढरा आहे.

काल मी आमच्या टीमच्या सुहास सरांकडून दवाखान्याच्या अपॉइंटमेंटच्या सॉफ्टवेअरमधला तो घोळ मागून घेतला. एकाच वेळेला दोन पेशंट बोलावले जात होते आणि आपल्या टीमने हात टेकले होते. मला तो जेवणाआधी सापडला. दुरुस्ती एका ओळीची, शोध सगळा अंगठ्याचा. सरांना फोन केला. ते खूश झाले, मग जरा अडखळले. म्हणाले, पण तू तर तक्रारींच्या फोनवर बसायला तयार आहेस ना, अंकिता तसं कळवून गेली.

म्हणून हे पत्र, अंकिता. तू माझ्या वतीने हो म्हणालीस. नोकरी टिकावी म्हणूनच म्हणालीस, हे मला कळतं, आणि तरीही मला फार लागलं. रिक्षा उलटल्यावर रडले नव्हते एवढी काल रडले. तो होकार माझा नाही. हे वाचलंस की सोमवारच्या आत सरांशी बोल आणि ज्या तोंडाने दिलास त्याच तोंडाने परत घे. माझी जागा माझ्या टीममध्ये आहे, माऊस मी घेऊन येतेय. हल्ली तो जरा गप्प झाला की आई चुलीपासून ओरडते, काम थांबलं का गो? सोमवारी मी नसेन, घरात आवाजच नसेल. तेव्हा विनीतला तिला सांगता आलं पाहिजे, नाय थांबलं.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
समीक्षा